पावणेदोन हात पन्हा

विणकराच्या धंद्यात लांबी फुकट मिळते आणि पन्हा विकत घ्यावा लागतो. ताण्याला सूत जोडीत गेले की कापड मागावरून उतरतच राहते आणि लुगडे नऊवारी करायचे की पाचवारी याचा निवाडा शेवटी कातरी करते. परंतु आडव्या अंगाने फणीच्या दोन टोकांत जेवढे बसेल तेवढ्यातच सारी कलाकुसर आटोपावी लागते, आणि ही मर्यादा, एकदा माग ठोकला की, वर्षानुवर्षे हलत नाही. सोलापूरच्या पेठांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या या उद्योगाचा इतिहास सूत, रंग, मजुरी आणि संप यांच्या अंगाने सांगण्याची रीत आहे. तो पन्ह्याच्या अंगाने पाहू लागले म्हणजे असे ध्यानात येते की, हल्ली नक्षीकाराच्या मेजावर लॅपटॉपला जोडून ठेवलेला जो भला रुंद पडदा दिसू लागला आहे, तो या शहराला वरवर वाटतो तितका परका नाही. बाजारात हा पडदा चौतीस इंची म्हणून विकला जातो, पण ते माप कर्णाचे. आडवा मोजला तर तो एकतीस-साडेएकतीस इंच भरतो, म्हणजे अठरा इंचांच्या जुन्या हाताने पावणेदोन हात. शेजारच्या लॅपटॉपाचा स्वतःचा पडदा पाऊण हाताचा असतो. मधला जो एक हात वाढला, त्याची ही हकीकत आहे.

खड्ड्याच्या मागावर बसलेला विणकर धोटा एका हाताने फेकी आणि दुसऱ्या हाताने झेली, त्यामुळे कापडाचा पन्हा त्याच्या दोन बाहूंच्या आवाक्यापलीकडे जाऊ शकत नसे. त्याहून रुंद कापड हवे असेल तर दोन माणसे शेजारीशेजारी बसवावी लागत, नाहीतर दोन पट्टे वेगवेगळे विणून मधोमध शिवावे लागत. १७३३ साली इंग्लंडात जॉन के याने दोरीला हिसका देताच आपण होऊन धावणारा धोटा काढला तेव्हा वेग वाढला, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की रुंद कापड एकट्याने विणणे शक्य झाले आणि दुसरा विणकर मागावरून उठला. हा धावता धोटा सोलापुरात पसरायला विसावे शतक उजाडावे लागले. पन्हा वाढला म्हणजे एखादे माणूस कमी होते, हा नियम या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटणार असल्यामुळे त्याची येथेच नोंद करून ठेवतो.

थोरल्या माधवराव पेशव्यांच्या अमदानीत येथे कौल देऊन विणकरांची पेठ वसवली गेली, अशी परंपरा सांगितली जाते. पुढे १८१८ साली भुईकोट किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, १८६० साली मुंबईकडचा लोहमार्ग सोलापुरास येऊन पोचला, आणि मोरारजी गोकुळदासांनी १८७४ साली काढलेल्या कंपनीची गिरणी, जिला पुढे सारे शहर ‘जुनी मिल’ म्हणू लागले, ती १८७७ च्या सुमारास सुरू झाली. तोच काळ दख्खनच्या भीषण दुष्काळाचा. या व यापुढच्या दशकांत निजामाच्या मुलखातून, तेलंगणाच्या गावांतून, पद्मशाली कुटुंबे येत राहिली, आणि शहराचा पूर्व भाग घरात तेलुगू व बाजारात मराठी बोलू लागला, तो आजतागायत बोलतो. या भागात ज्याच्याजवळ पाच-पंचवीस माग बसवण्याइतकी जागा व भांडवल असे तो कारखानदार, आणि जो त्याच्याकडून सूत घेऊन मजुरीने विणी तो असामी. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या, काकडे या अभ्यासकाच्या पाहणीत सोलापुरातील विणकर समाजांची सांपत्तिक स्थिती सविस्तर नमूद आहे. खड्डामाग राहत्या घरात मावतो. चादरीचा यंत्रमाग मात्र सोप्यापासून माजघरापर्यंत सारी जागा मागतो, आणि ज्याला ती देता येत नाही त्याला दुसऱ्याच्या छपराखाली जावे लागते. अरुंद मागाकडून रुंद मागाकडे झालेली वाटचाल ही अशा रीतीने भांडवलाचीही वाटचाल होती.

दफ्तरातही हाच न्याय होता. जुने मराठी कागद पाहिले तर कागदाचे अरुंद बंद एकाखाली एक चिकटवून, सांध्यावर शिक्का उठवून, पत्र हवे तितके लांब केलेले आढळते. फडणिशीतल्या कारकुनाला मजकूर वाढला म्हणून कधी अडचण झाली नाही, कारण खाली आणखी एक बंद डकवता येई. अडचण होई ती हिशेबात. एकाच नोंदीसमोर नग, वजन, दर, रक्कम, जमा, खर्च आणि बाकी अशी सारी अंगे शेजारीशेजारी मांडायची म्हणजे रुंदी हवी, आणि ती कागदाला नसे; म्हणून पेढीवरच्या तांबड्या पुठ्ठ्याच्या वहीत पानाला सळ पाडून रकाने करीत, आणि तेवढ्याने न भागले तर रोजकिर्दीतून खतावणी आणि खतावणीतून ताळेबंद असे कागद वेगळे करीत. आपण ज्याला हिशेबाची शिस्त म्हणतो तिच्यातला काही भाग केवळ कागद अरुंद होता म्हणून जन्मला असावा, असे मला वाटते.

आता नक्षीकडे येऊ. फ्रान्समधील लियाँ शहरी जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली जी यंत्ररचना सिद्ध केली तिच्या आधारे ताण्याचा प्रत्येक धागा, किंवा धाग्यांचा प्रत्येक लहान गट, स्वतंत्रपणे उचलता येऊ लागला, आणि तो उचलायचा की नाही हे पुठ्ठ्याला पाडलेले भोक सांगू लागले. सोलापुरात लुगड्यांच्या काठापदरासाठी आणि पुढे स्वातंत्र्योत्तर काळात चादरीसाठी हे यंत्र मागाच्या डोक्यावर चढले, आणि त्याच्याबरोबर एक नवा कसबी या शहरात तयार झाला, ज्याला पूर्व भागात सरळ डिझायनर म्हणतात. त्याचे काम चौकटीच्या कागदावर चाले. कागदाची उभी ओळ म्हणजे यंत्राचा एक हुक, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक फेरा. जो चौकोन तांबड्या शाईने भरला त्या ठिकाणी धागा वर, जो कोरा ठेवला तेथे खाली. मोर, कमळ, वेल, जरीच्या किनारीची नक्कल किंवा मधला मोठा गोल, काहीही असो, ते हजारो चौकोनांत मोडून भरावे लागे. मग हा कागद भोके पाडणाऱ्याकडे जाई. तो कागदावर लोखंडी पट्टी आडवी ठेवी, पट्टीच्या वरच्या कडेला लागलेली एकच ओळ डावीकडून उजवीकडे वाची, तिच्याबरहुकूम एक पुठ्ठा भोकून काढी आणि पट्टी एक चौकोन खाली सरकवी. ओळ चुकली तर चूक एकाच पुठ्ठ्यात राही, पण प्रत्येक चादरीत त्याच जागी उमटे. म्हणून नको असलेल्या भोकावर कागदाचा बारीक तुकडा खळीने चिकटवून ते बुजवण्याचे कामही याच मेजावर होई. तयार पुठ्ठे दोरीने एकमेकांस गुंफून त्यांची माळ मागावर टांगली की नक्षी सुरू.

या सर्व व्यवहारात डिझायनराचा खरा शत्रू कागदाची रुंदी हा होता. चादर साधारणपणे साठ इंच पन्ह्याची आणि नव्वद इंच लांबीची. तिचा कागद करायचा म्हणजे तक्ते एकमेकांस जोडून सतरंजीवर पसरावे लागत आणि त्यांच्यावर गुडघे टेकून बसावे लागे, म्हणजे जो भाग रंगवायचा त्यावर स्वतःचीच सावली पडे. यातून एक युक्ती निघाली होती. यंत्रातून खाली येणाऱ्या दोऱ्या अशा बांधीत की एकच हुक डाव्या अंगाचा एक धागा आणि उजव्या अंगाचा त्याचा जोडीदार धागा एकदमच उचली. मग नक्षी अर्धीच काढायची, उरलेली अर्धी आरशातल्याप्रमाणे आपोआप पडे. सोलापुरी चादरीवर दोन मोर समोरासमोर तोंडे करून बसलेले दिसतात त्यामागे सौंदर्यदृष्टी आहेच, पण दोऱ्यांची ही बांधणीही आहे. अनेक वर्षे लोकांच्या अंथरुणावर जो समतोल पसरलेला होता, तो काही अंशी कागद पुरत नव्हता म्हणून आलेला होता.

जॅकार्डाच्या पुठ्ठ्याने लियाँ सोडून पुढे काय केले ते संगणकाच्या इतिहासात नेहमी सांगतात. इंग्लंडात चार्ल्स बॅबेज याने १८३० नंतरच्या दशकात आपल्या कल्पित गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी असेच भोकांचे पुठ्ठे योजले, आणि ते मागावरून घेतल्याचे तो मोकळेपणाने सांगे. अमेरिकेत हर्मन होलेरिथ याने १८९० च्या खानेसुमारीत प्रत्येक माणसामागे एक पुठ्ठा भोकला. त्याच्या मनात माग किती होता आणि आगगाडीच्या तिकीट तपासनिसाचा चिमटा किती, यावर वाद आहे, आणि तो मिटवण्याची आपल्याला गरज नाही. १९२८ साली आयबीएम कंपनीने आपल्या पुठ्ठ्यावर ऐंशी उभे रकाने पाडले. पुठ्ठे गेले आणि त्यांच्या जागी काचेचे पडदे आले तेव्हा त्या पडद्यांवरही एका ओळीत ऐंशीच अक्षरे बसवली गेली. १९७८ च्या प्रसिद्ध व्हीटी-१०० टर्मिनलवर ऐंशी, आणि फार तर एकशे बत्तीस. १९८१ च्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर पुन्हा ऐंशी. खाली कितीही लिहा, कागद वर सरकत जाईल. आडवे मात्र ऐंशीच्या पलीकडे पाऊल टाकायचे नाही. मागाची रीत, लांबी मोकळी आणि पन्हा बांधलेला, ही भोकाच्या पुठ्ठ्यावाटे पडद्यापर्यंत आली ती अशी.

लॅपटॉपाला बाहेरचा पडदा जोडण्याचा प्रघातही त्याच वर्षाइतका जुना आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. १९८१ सालीच ऑस्बोर्न नावाचा एक संगणक बाजारात आला, जो हातात उचलून नेता येई, म्हणजे ज्याच्या मनगटात अकरा किलो उचलण्याचे बळ असेल त्याला. त्याचा पडदा पाच इंची होता आणि त्यावर एका ओळीत बावन्न अक्षरे दिसत. मजकूर प्रत्यक्षात एकशे अठ्ठावीस अक्षरे रुंद असू शके, पण तो पाहायचा म्हणजे खिडकीतून रस्ता पाहावा तसा, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे सरकवून. कर्त्याने म्हणूनच त्या पेटीला बाहेरचा पडदा जोडण्याची खोबण ठेवली होती. सोबत नेता येणारे यंत्र अरुंद असणारच आणि बसल्या जागचे काम रुंदी मागणारच, ही तडजोड पहिल्या दिवसापासून मान्य झालेली होती. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, हिशेबाचे रकाने वैयक्तिक संगणकावर मांडणारा व्हिजिकॅल्क हा पहिला कार्यक्रम आला; त्यात त्रेसष्ट रकाने होते, परंतु ज्या ॲपल यंत्रावर तो चाले त्याच्या पडद्याची रुंदी चाळीस अक्षरांची. पेढीवरच्या मुनिमाला जे दुःख ठाऊक होते तेच अमेरिकेतल्या हिशेबनिसाच्या वाट्याला आले. पुढे एक्सेलमध्ये २००७ साली रकान्यांची मर्यादा दोनशे छप्पन्नावरून सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशीवर गेली. वही अफाट झाली आणि ती उघडण्याचे मेज होते तेवढेच राहिले.

मेज रुंद झाले ते कामासाठी नव्हे, करमणुकीसाठी, ही या इतिहासातली मौज आहे. चलच्चित्राची चौकट पहिल्यापासून चार रुंद आणि तीन उंच. दूरचित्रवाणीने तीच उचलली. घरातला प्रेक्षक चित्रगृहात परत यावा म्हणून हॉलिवूडने १९५३ साली सिनेमास्कोपचा लांबरुंद पडदा आणला, आणि आपल्याकडे गुरुदत्तांनी १९५९ साली ‘कागज के फूल’ त्या चौकटीत चित्रित केला. पुढे १९८० नंतरच्या दशकात कर्न्स पॉवर्स या तंत्रज्ञाने जुन्या व नव्या अशा सर्व चौकटींमधला मध्यम म्हणून सोळास नऊ हे प्रमाण सुचवले, तेच आजच्या दूरचित्रवाणीचे आणि पुष्कळ लॅपटॉपांचे. गणिताची आवड असणाऱ्यास गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे चारास तीनचा वर्ग केला की सोळास नऊ येते, आणि घन केला की चौसष्टास सत्तावीस, ज्याला बाजारात एकवीसास नऊ म्हणतात. या शेवटच्या प्रमाणाचा दूरचित्रवाणी संच फिलिप्सने २००९ साली चित्रपटांसाठीच काढला, आणि तो फारसा चालला नाही. पण त्याच प्रमाणाचे एकोणतीस इंची पडदे २०१२ च्या अखेरीपासून संगणकासाठी निघाले, २०१४ मध्ये चौतीस इंची आले, ज्यांच्यावर आडवे तीन हजार चारशे चाळीस आणि उभे एक हजार चारशे चाळीस बिंदू होते, आणि २०१७ मध्ये दोन पडदे शेजारीशेजारी ठेवावेत असा एकोणपन्नास इंची अवाढव्य पडदा आला. तो खेळणाऱ्या पोरांसाठी होता. त्याचा उपयोग हिशेबनीस आणि नक्षीकार करू लागले हे त्याच्या कर्त्यांना मागाहून उमगले असेल.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत आणि पूर्व भागातल्या कारखान्यांत संगणक आला तो हिशेबनिसाच्या खोलीतून, आणि त्यानंतर नक्षीच्या खोलीत. बोनास या इंग्रज कंपनीने १९८३ साली मिलानच्या यंत्रप्रदर्शनात पुठ्ठ्याशिवाय चालणारे विद्युत जॅकार्ड मांडले होते. ज्याला ते परवडले त्याने माळच काढून टाकली, आणि ज्याला परवडले नाही त्याच्या मागावर पुठ्ठ्यांची माळ पुढेही फिरत राहिली, फक्त तिची भोके पाडणाऱ्या यंत्राला हुकूम संगणकाकडून येऊ लागला. सतरंजीवरचे तक्ते गेले. पण त्यांच्या जागी जो लॅपटॉप आला, त्याच्या पडद्यावर या देशात बरीच वर्षे आडवे तेराशे सहासष्टच बिंदू असत, आणि येथे साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, नक्षीला सातशे वीस उभ्या ओळी आहेत, आणि चौकोन डोळ्याला ओळखू यावा म्हणून प्रत्येक ओळीला चार बिंदू दिले. तर त्या लॅपटॉपावर एका वेळी तीनशे एक्केचाळीस ओळी दिसतील, म्हणजे अर्धी नक्षीही नाही. पुढे आलेल्या एकोणीसशे वीस बिंदूंच्या पडद्यावर चारशे ऐंशी, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. पावणेदोन हातांच्या पडद्यावर मात्र दोन हजार आठशे ऐंशी बिंदूंत सबंध नक्षी काठापासून काठापर्यंत बसते आणि रंगांची व अवजारांची पेटी ठेवायला पाचशे साठ बिंदू शिल्लक राहतात. डाव्या काठातली वेल आणि उजव्या काठातली वेल एकाच दृष्टिक्षेपात पडणे ही गोष्ट, तक्त्यांवर गुडघे टेकलेल्या माणसाला, मान न फिरवता कधीच साधलेली नव्हती. दोऱ्यांच्या आरशाची सक्तीही सैल झाली, आणि ज्याला एका बाजूला झाड व दुसऱ्या बाजूला पाखरे असा विषम आराखडा करायचा होता त्याला तो निदान समोर पाहता येऊ लागला.

दुसऱ्या एका वाटेनेही हा पडदा शहरात आला. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून आणि इतर संस्थांतून शिकून बाहेर पडलेली मुले हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जात आणि सणावाराला परतत, हा शहराचा अलीकडचा नित्यक्रम. मार्च २०२० च्या टाळेबंदीने त्यांना घरी बसवले. ज्या घरांच्या तळमजल्यावर कधी माग होते त्यांच्या वरच्या मजल्यावर ही मुले मांडीवर लॅपटॉप घेऊन अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे काम करू लागली, आणि काही महिन्यांत मान व पाठ कुरकुरू लागली तेव्हा कोणी दोन साधे पडदे घेतले, कोणी एक रुंद घेतला. दोन पडद्यांच्या मधोमध चौकटीची जी काळी दांडी येते ती नेमकी डोळ्यांसमोर बसते, आणि कोणता पडदा मुख्य हे ठरवण्यात मान दिवसभर एकाच बाजूस वळलेली राहते. रुंद पडद्याला मध्य असतो, हा त्याचा मोठा गुण. जाणते लोक लिहिण्याचा कागद मधोमध ठेवतात, संदर्भ डावीकडे आणि निरोपांची खिडकी उजव्या कोपऱ्यात. काही पडदे किंचित वक्र असतात. त्यांच्या अंगावर जो अठराशे हा आकडा असतो तो वर्तुळाच्या त्रिज्येचा, मिलिमीटरांत, म्हणजे सुमारे चार हात. इतक्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा असल्यामुळे तो वाकडा वाटत नाही, फक्त मध्य आणि दोन्ही कडा यांच्या डोळ्यापासूनच्या अंतरातला फरक कमी होतो.

जोडणी मात्र पहिल्याच झटक्यात साधेल असे नाही. लॅपटॉप पडद्याला जोडताच पुष्कळदा आपलीच सोळास नऊची प्रतिमा तिकडे उतरवतो, आणि मग रुंद पडद्याच्या दोन्ही अंगांना चारशे चाळीस-चारशे चाळीस बिंदूंच्या काळ्या पट्ट्या राहतात, जणू कोणी पडद्याला चंद्रकळेच्या काळ्या रंगाचे काठ लावले आहेत. प्रतिकृतीऐवजी विस्ताराची आज्ञा दिली की काठ जातात आणि पन्हा पुरता उघडतो. नव्या लॅपटॉपाला पुष्कळदा युएसबी-सीची एक तार पुरते, तिच्यातूनच चित्र जाते आणि तिच्यातूनच लॅपटॉपाला वीज येते. जुन्या लॅपटॉपाची एचडीएमआयची खोबण कित्येकदा इतके बिंदू सेकंदाला साठ वेळा रंगवू शकत नाही, ती तीस वेळाच रंगवते, आणि माउसचा बाण सरकवताना तो अडखळत चालल्यासारखा भासतो. यंत्र बिघडले असे समजून ते दुकानात परत नेणारे गृहस्थ असतात. बिघाड काही नसतो. पन्हा वाढवला आणि धोटा जुनाच ठेवला, इतकेच.

या रुंदीचे कौतुक करताना हातचे राखून ठेवलेले बरे. ज्याचे काम उभे आहे, म्हणजे पत्र, बातमी, निकालपत्र, लेख, त्याला पावणेदोन हातांचा उपयोग काडीचा नाही; इतक्या रुंद ओळीत मजकूर पसरला तर वाचकाचा डोळा ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत आरंभ विसरतो, आणि म्हणूनच वर्तमानपत्रे इतक्या मोठ्या पानावर रकाने पाडतात. सत्तावीस इंची साध्या पडद्याची उंची चौतीस इंची रुंद पडद्याइतकीच असते आणि किंमत बरीच कमी, ही गोष्ट दुकानदार आपण होऊन सांगत नाही. आणि आरंभी नोंदलेला नियम येथेही लागू पडतो. चौकोन रंगवणारा, पट्टी सरकवत ओळ वाचणारा आणि पुठ्ठे गुंफणारी बाई अशा तीन जोड्या हातांचे काम आता एकाच खुर्चीतला माणूस एकाच पडद्यावर उरकतो. शिवाय त्याच पडद्याच्या उजव्या अंगाला २०१७ पासून वस्तू व सेवा कराची पत्रकेही उघडलेली असतात, कारण लहान कारखान्यात डिझायनर आणि मुनीम हे पुष्कळदा मालकाच्या एकाच मुलाचे दोन हुद्दे असतात. एकाच्या डोळ्यांपुढे जितके अधिक मावते तितके अधिक त्याच्या माथी येते.

चादरीचे मूळ माप मात्र मेजावरच्या या पडद्याला अजून गाठता आलेले नाही. चौतीस इंची पडदा चादरीच्या साठ इंचांचा निम्म्याहून थोडाच अधिक भाग तिच्या खऱ्या आकारात दाखवू शकतो. दोन पडदे शेजारी लावले तर बासष्ट इंचांवर थोडे भरतात, पण त्यांचा सांधा नेमका मधल्या गोलावर येतो. एकोणपन्नास इंची पडदा आडवा सत्तेचाळीस इंच, म्हणजे तो लुगड्याच्या पन्ह्याला पोचला, चादरीला तेरा इंच कमी पडला. म्हणून सातशे वीस ओळी डोळ्यांखालून घातल्यावरही पहिला नमुना मागावर विणूनच काढतात आणि फरशीवर अंथरून व्यापाऱ्याला दाखवतात. पडद्यावरचा तांबडा रंग प्रकाशाचा असतो आणि सुताचा तांबडा डायहाऊसच्या हौदातून निघालेला, त्यामुळे सौदा ठरतो तो फरशीवरच्या तांबड्यावर, आणि त्यात बदल सुचला तर डिझायनर पुन्हा वरच्या खोलीत जाऊन तीच फाईल उघडतो.